हातातील थरथर : दंतवैद्याचे ड्रिल आणि बागायतदाराचे ग्रास कटर

मुंबईतील गिरगावात खोताची वाडी नावाची जुनी वस्ती आहे. हे नाव कोकणातील शेतकऱ्यास परके वाटू नये. खोत आणि वाडी हे दोन्ही शब्द आपल्याच मुलखातले. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या जमिनीवर ही वस्ती उभी राहिली व पुढे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी तेथे लाकडी जिन्यांची, सज्जांची घरे बांधली असे सांगतात. गिरगावातल्या अनेक वाड्या मुळात नारळी-पोफळीच्याच वाड्या होत्या. आज तेथे चाळी आणि इमारती आहेत, पण कोकणातील माणसाचा गिरगावाशी असलेला संबंध तुटलेला नाही. आंब्याचा हिशोब करण्यास किंवा लग्नाच्या खरेदीस मुंबईस गेलेला बागायतदार गिरगावात नातेवाइकांकडे उतरतो आणि गावी राहून गेलेले दाताचे दुखणेही त्याच फेरीत उरकून घेतो.

दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसले की आपले सारे लक्ष आपल्या दाताकडे असते. डॉक्टरांच्या बोटांकडे कोणी पाहत नाही. वास्तविक त्या बोटांत दिवसाचे कित्येक तास एक फिरते यंत्र थरथरत असते. किडलेला भाग कोठे संपतो व निरोगी दात कोठे सुरू होतो हे डॉक्टरांना बोटाच्या टोकास जाणवावे लागते. ती जाणीव कमी झाली तर त्यांचा व्यवसायच अडचणीत येतो. म्हणूनच दंतवैद्यांच्या हातांवर यंत्राच्या थरथरीचा काय परिणाम होतो याचा अभ्यास अनेक देशांत झाला आहे.

शेतकरी बंधूंनो, आपल्या हातातही आता अशीच यंत्रे आली आहेत. गवत कापण्याचे ग्रास कटर, भाताच्या चिखलणीचा पॉवर टिलर, कोळपणीचा पॉवर वीडर, फांद्या कापण्याची चेन सॉ आणि खड्डे घेण्याचे अर्थ ऑगर ही त्यांतील काही होत. यांची थरथर दंतवैद्याच्या ड्रिलपेक्षा अनेक पटींनी जोरदार असते. यंत्राचा आवाज, धूर आणि पाते यांविषयी आपण थोडीफार काळजी घेतो. थरथरीविषयी मात्र 'संध्याकाळी हात जरा बधिर होतो, सकाळी बरा होतो' एवढेच म्हणून सोडून देतो. हे सोडून देणे पुढे महागात पडते. थरथरीने झालेली इजा सुरुवातीस लक्षात आली तर थांबविता येते, परंतु एका टप्प्यानंतर ती भरून येत नाही.

थरथर म्हणजे काय?

यंत्राची मूठ एका सेकंदात अनेक वेळा पुढे-मागे, वर-खाली हालते. ही हालचाल डोळ्यांना दिसत नाही, पण हातास जाणवते. तिच्यात दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे सेकंदाला किती वेळा हालते आणि दुसरी म्हणजे किती जोराने हालते.

पॉवर टिलरचे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन मिनिटाला सुमारे २,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३. ग्रास कटरचे छोटे इंजिन कामाच्या वेळी मिनिटाला सुमारे ७,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला सुमारे ११७. दंतवैद्याची मायक्रोमोटर मिनिटाला ३०,००० फेऱ्यांवर चालली तर सेकंदाला ५०० होतात. ते ज्याला एअरोटर म्हणतात ते हवेच्या दाबावरचे ड्रिल तर मिनिटाला ३ ते ४ लाख फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५,००० ते ६,६०० च्या आसपास.

मंद गतीची थरथर हातातून मनगट, कोपर आणि खांद्यापर्यंत जाते. पॉवर टिलर चालविल्यावर खांदे भरून येतात त्याचे हे एक कारण आहे. सेकंदाला शंभराच्या वर गेलेली थरथर बहुतांशी पंजातच राहते. अतिशय जलद थरथर बोटांच्या टोकांच्या कातडीतच जिरते. थोडक्यात, थरथर नाहीशी होत नाही, ती शरीरात कोठेतरी मुरतेच. यंत्राच्या गतीप्रमाणे मुरण्याची जागा तेवढी बदलते.

दंतवैद्यांच्या बोटांनी काय शिकविले?

दात कोरण्याचे पहिले चांगले चालणारे यंत्र अमेरिकेतील मॉरिसन यांनी १८७१ साली पेटंट केले. ते शिवणयंत्रासारखे पायाने चालवावे लागे. पुढे विजेवरची यंत्रे आली. १९५७ साली अमेरिकेतच बोर्डेन यांचे हवेच्या दाबावर चालणारे अतिवेगवान ड्रिल बाजारात आले आणि जगभरच्या दवाखान्यांत पसरले. मुंबईत नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयासारख्या १९३३ पासूनच्या संस्थेतून दंतवैद्यांच्या पिढ्या शिकून बाहेर पडल्या. त्यांच्या हातातील यंत्रही याच क्रमाने बदलत गेले.

अतिवेगवान ड्रिल आल्यावर काम हलके झाले. रुग्णाला धक्के कमी बसू लागले आणि डॉक्टरांना दाब कमी द्यावा लागला. त्यामुळे थरथरीचा प्रश्न सुटला असे वाटणे स्वाभाविक होते. हाताच्या थरथरीची जी आंतरराष्ट्रीय मोजपद्धत आहे तिने मोजले तरी दातांची यंत्रे बहुधा काळजीच्या पातळीखालीच राहतात. असे असूनही स्वीडनमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निराळे चित्र दिसले. दातांची यंत्रे वर्षानुवर्षे वापरणाऱ्या स्त्री दंतवैद्य व दंत-आरोग्य कर्मचारी यांच्या बोटांची कंपने ओळखण्याची शक्ती, हाताचा जोर आणि हाताने करावयाच्या बारीक कामातील सफाई ही इतर स्त्रियांच्या तुलनेने कमी आढळली.

याची कारणे दोन प्रकारची आहेत. एक म्हणजे, प्रचलित मोजपद्धतीत मंद गतीच्या थरथरीस अधिक वजन दिलेले आहे व सेकंदाला हजार-बाराशेच्या वरची थरथर जवळजवळ धरलीच जात नाही. बोटाच्या टोकास मात्र ती सोसावी लागते. दुसरे म्हणजे, दंतवैद्य बारीक उपकरण चिमटीत घट्ट धरून, मान वाकवून, मनगट मुडपून तासन् तास काम करतो. म्हणून त्याच्या हाताच्या तक्रारींचा सारा दोष थरथरीलाच देता येत नाही. चिमटीची पकड आणि अवघडलेली बैठक यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

यातून आपण घ्यावयाचा धडा सरळ आहे. हलक्या, गुळगुळीत वाटणाऱ्या यंत्रानेही वर्षांनुवर्षांत बोटांची जाणीव बोथट होऊ शकते. मग ज्या यंत्राची मूठ धरल्यावर दातही वाजतात, त्याविषयी आपण किती सावध असावयास हवे!

हा विकार नवा नाही

थंडीने किंवा मनाच्या ताणाने बोटे पांढरी पडण्याच्या विकाराचे वर्णन फ्रान्समधील डॉ. रेनो यांनी १८६२ साली केले. थरथरणाऱ्या हत्यारांमुळेही बोटे अशी पांढरी पडतात हे इटलीतील डॉ. लोरिगा यांनी १९११ साली खाणकामगारांवरून नोंदविले. अमेरिकेत १९१८ साली डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथे चुनखडीचा दगड कोरणाऱ्या कामगारांची तपासणी केली. हवेच्या हातोड्याने काम करणाऱ्या या कामगारांची बोटे थंडीच्या सकाळी मेणासारखी पांढरी व बधिर होत असत.

शेतीच्या अधिक जवळचे उदाहरण जंगल कामगारांचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप व जपानमधील जंगलांत चेन सॉ मोठ्या प्रमाणावर आली आणि तोड कामगारांत पांढऱ्या बोटांचा विकार झपाट्याने वाढला. तेव्हा उत्पादकांनी मूठ आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचे व स्प्रिंगचे आधार बसविण्यास सुरुवात केली. फिनलंडमधील सुओमुस्साल्मी भागातील जंगल कामगारांची १९७२ ते १९९० पर्यंत वेळोवेळी तपासणी झाली. त्या काळात चेन सॉच्या थरथरीचा जोर १४ वरून २ मीटर प्रति सेकंद वर्गापर्यंत उतरला आणि पांढऱ्या बोटांचे प्रमाण ४० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. कामगार जंगलातच राहिले व लाकूडही तोडत राहिले. मुख्य फरक पडला तो यंत्रात. हा विकार नशिबाचा भाग नसून टाळता येण्याजोगा आहे, याचा याहून चांगला पुरावा नाही.

हातात नेमके काय बिघडते?

थरथरीने तीन ठिकाणी इजा होते.

१. रक्तवाहिन्या : बोटांतील बारीक रक्तवाहिन्या वारंवारच्या थरथरीने चटकन आकसण्याची सवय लावून घेतात. थंड पाणी किंवा गार वारा लागला की बोटाचा शेंडा पांढरा पडतो. रक्त परत आले की बोट लाल होऊन ठणकते.

२. मज्जातंतू : स्पर्श, ऊन-गार आणि टोचणे ओळखणारी मज्जातंतूंची टोके निकामी होत जातात. प्रथम काम थांबविल्यावर मुंग्या येतात व त्या थोड्या वेळाने जातात. पुढे मुंग्या रात्रीही येऊ लागतात. शेवटी बधिरपणा कायमचा राहतो.

३. स्नायू व सांधे : मुठीचा जोर कमी होतो. मनगट आणि कोपर दुखते. मनगटातून जाणारी मुख्य नस दाबली जाऊन अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांत मुंग्या येतात.

या विकाराच्या पायऱ्या ठरविण्यासाठी १९८६ साली स्टॉकहोम येथे जमलेल्या तज्ज्ञांनी एक कोष्टक तयार केले. त्यात रक्तवाहिन्यांची इजा आणि मज्जातंतूंची इजा या दोन्ही वेगवेगळ्या मोजल्या जातात, कारण एक नसताना दुसरी असू शकते.

बोट पांढरे पडत नाही म्हणून निर्धास्त राहू नये

वरील मुद्दा आपल्या हवामानात फार महत्त्वाचा आहे. थंड देशांत या विकाराची ओळख पांढऱ्या बोटावरून होते. उष्ण प्रदेशांतील कामगारांत मात्र बोटे पांढरी पडण्याचे प्रमाण कमी व मुंग्या, बधिरपणा यांचे प्रमाण अधिक आढळते. कोकणच्या दमट उष्ण हवेत ग्रास कटर चालविणाऱ्याचे बोट कधीच पांढरे पडले नाही तरी त्याचे मज्जातंतू झिजत असू शकतात. नाशिक, जुन्नर, महाबळेश्वर या भागांत हिवाळ्यातील पहाटे यंत्र चालविणाऱ्यांनी, तसेच पावसात भिजत चिखलणी करणाऱ्यांनी पांढरेपणाकडेही लक्ष ठेवावे.

घरच्या घरी लक्ष ठेवण्यासाठी पुढील खुणा उपयोगी पडतात. सदऱ्याची गुंडी न पाहता लावता येते का? खिशातील एक आणि दोन रुपयांचे नाणे बोटांनी ओळखता येते का? डोळे मिटून परातीतील तांदळाचा एकच दाणा उचलता येतो का? पूर्वी सहज जमणाऱ्या या गोष्टी जमेनाशा झाल्या तर तो इशारा समजावा. ही तपासणी नव्हे, डॉक्टरांकडे जाण्याचे निमित्त आहे.

मात्रा कशी मोजावी?

औषधाची जशी मात्रा असते तशी थरथरीचीही असते. थरथरीचा जोर आणि दिवसभरातील वेळ यांवरून ती ठरते. जोर 'मीटर प्रति सेकंद वर्ग' या एककात सांगतात. नामांकित उत्पादकांच्या ग्रास कटर व चेन सॉच्या माहितीपुस्तिकेत हा आकडा डाव्या आणि उजव्या मुठीसाठी वेगवेगळा छापलेला असतो. त्यांतील मोठा आकडा धरावा. खरेदीच्या वेळी तो दुकानदारास जरूर विचारावा.

युरोपीय देशांनी २००२ साली केलेल्या नियमानुसार, ८ तासांच्या दिवसासाठी सरासरी २.५ ही सावधगिरीची पातळी व ५ ही कमाल मर्यादा आहे. २.५ च्या पुढे गेल्यावर थरथर कमी करण्याचे उपाय योजावे लागतात. ५ च्या पुढे काम करू द्यावयाचे नसते. आपल्यालाही हे आकडे मार्गदर्शक म्हणून वापरता येतील.

हिशोबाची एक सोपी रीत आहे. यंत्राच्या आकड्यास त्याच आकड्याने गुणावे, त्याची दुप्पट करावी. हे एका तासाचे गुण झाले. त्यास कामाच्या तासांनी गुणावे. ज्या वेळात मूठ प्रत्यक्ष हातात व यंत्र चालू असते तेवढेच तास धरावेत. दिवसाचे १०० गुण ही सावधगिरीची पातळी व ४०० गुण ही कमाल मर्यादा होय.

उदाहरणे पाहू.

(अ) यंत्राचा आकडा ५ : ५ × ५ = २५, त्याची दुप्पट ५०. म्हणजे तासाला ५० गुण. २ तासांत १०० गुण व ८ तासांत ४०० गुण होतात.

(आ) ग्रास कटरचा आकडा ६ : तासाला ७२ गुण. ४ तासांत २८८ गुण. ६ तास चालविल्यास ४३२, म्हणजे मर्यादेबाहेर.

(इ) पॉवर टिलरच्या मुठीचा आकडा ८ धरला : तासाला १२८ गुण. पाऊण तासात सावधगिरीची पातळी आणि तीन तास होऊन थोडा वेळ गेला की कमाल मर्यादा.

(ई) पाते वाकलेल्या, रबर सुटलेल्या यंत्राचा आकडा १० पर्यंत चढला : तासाला २०० गुण. अर्ध्या तासात १०० व २ तासांत ४००.

एकाच दिवशी दोन यंत्रे वापरल्यास गुणांची बेरीज करावी. ६ आकड्याचे ग्रास कटर २ तास (१४४ गुण) आणि ५ आकड्याची चेन सॉ १ तास (५० गुण) मिळून १९४ गुण होतात.

वरील उदाहरणांतून एक गोष्ट ध्यानात येईल. आकडा ५ वरून १० झाला, म्हणजे दुप्पट झाला, तर गुण चौपट होतात. म्हणजे थरथर निम्मी केली तर तीच मात्रा होण्यास चौपट वेळ लागतो. म्हणूनच कामाचे तास कमी करण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, फायदा यंत्र नीट ठेवण्यात आहे.

पुस्तिकेतील आकडा नव्या यंत्रावर, ठरावीक परिस्थितीत घेतलेला असतो. बागेतील दगड, उतार, जाड खोडाचे रान आणि यंत्राचे वय यांमुळे प्रत्यक्ष थरथर जास्त असू शकते. म्हणून १०० गुणांच्या जवळ येताच सावध व्हावे. ज्या स्वस्त यंत्राच्या पुस्तिकेत आकडाच नाही, ते जास्त थरथरीचे समजूनच वापरावे.

थरथर कमी करण्याचे उपाय

यंत्राच्या बाबतीत

१. ग्रास कटरचे पाते वाकलेले, चीर गेलेले किंवा एका बाजूने झिजलेले असल्यास ताबडतोब बदलावे. पाते घासताना सर्व दातांना सारखीच धार द्यावी. एका बाजूचे वजन कमी झाले की यंत्र हाताला मारू लागते.

२. नायलॉन दोरी वापरत असल्यास दोन्ही बाजूंची लांबी सारखी ठेवावी.

३. इंजिन आणि दांडा यांमधील, तसेच मुठीजवळील रबरे दर हंगामापूर्वी तपासावीत. कडक झालेले किंवा फाटलेले रबर थरथर अडवीत नाही. ही रबरे किमतीने लहान, पण हाताच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहेत.

४. स्पार्क प्लग, एअर फिल्टर व कार्ब्युरेटर साफ ठेवावेत. चुकत चुकत पेटणारे इंजिन धक्के देते.

५. चेन सॉची साखळी धारदार ठेवावी. बोथट साखळीवर जोर द्यावा लागतो, पकड घट्ट होते आणि वेळही वाढतो. जुन्या आंबा कलमांचे पुनरुज्जीवन करताना जाड फांद्या कापाव्या लागतात. तेथे ही गोष्ट विशेष पाळावी.

६. पॉवर टिलरची वाकलेली किंवा तुटलेली पाती बदलावीत. मुठीचे व इंजिनाच्या बैठकीचे बोल्ट कसावेत. दोन्ही चाकांतील हवा सारखी ठेवावी. कठीण रस्त्यावरून टिलर नेताना वेग कमी ठेवावा.

७. नवीन यंत्र घेताना शक्य असल्यास चालू करून स्वतः मूठ धरून पाहावी. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानातून २०१४-१५ पासून अशा यंत्रांना अनुदान मिळू लागले. अनुदानाच्या यादीतील सर्व यंत्रे सारखीच थरथरतात असे नाही. किंमत व अश्वशक्ती यांबरोबर थरथरीचा आकडाही पाहूनच निवड करावी.

चालविणाऱ्याच्या बाबतीत

१. यंत्र ताब्यात राहील इतपतच, हलक्या हाताने धरावे. मूठ जितकी आवळाल तितकी थरथर हातात अधिक शिरते. ग्रास कटरचे वजन खांद्याच्या पट्ट्यावर यावे म्हणून पट्टा अंगाप्रमाणे नीट जुळवून घ्यावा. वजन पट्ट्यावर आले म्हणजे पकड आपोआप सैल होते.

२. सलग काम अर्ध्या तासाहून अधिक करू नये. मध्ये दहा मिनिटे गवत ओढणे, फांद्या गोळा करणे अशी बिनयंत्राची कामे करावीत.

३. हात कोरडे व उबदार ठेवावेत. पहाटेच्या गारठ्यात काम सुरू करण्यापूर्वी हात चोळून, बोटे उघडझाप करून घ्यावीत.

४. तंबाखू, विडी, सिगारेट यांतील निकोटिनमुळे बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात. यंत्र चालविणाऱ्याने कामाच्या मधल्या सुटीत तंबाखू मळणे म्हणजे विश्रांतीचा फायदा घालविणे होय.

हातमोज्यांविषयी

थरथररोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या हातमोज्यांवर भिस्त ठेवू नये. जलद थरथर ते थोडीफार अडवितात, परंतु सेकंदाला ३३ फेऱ्यांच्या पॉवर टिलरसारखी मंद व जोरदार थरथर त्यांतून आरपार जाते. फार जाड मोजा घातल्यास मूठ अधिक आवळावी लागते व फायद्याऐवजी तोटा होतो. मात्र हात उबदार ठेवण्यासाठी, काटे व खरचटणे टाळण्यासाठी साधे, बोटांना नीट बसणारे मोजे जरूर वापरावेत.

मजुराच्या हाती यंत्र देताना

आंबा-काजूच्या बागांत पावसाळ्याच्या अखेरीस गवत काढण्याचे काम बहुधा ठेक्याने दिले जाते. एकच तरुण सकाळपासून संध्याकाळपर्यंत, एका बागेतून दुसऱ्या बागेत, महिना-दीड महिना ग्रास कटर चालवितो. बागायतदार आपल्या बागेचा एकच दिवस पाहतो. त्या तरुणाच्या हातावर मात्र सगळ्या बागांचे दिवस जमा होत असतात. खरा धोका या मुलांना आहे, आणि त्यांची तक्रार सहसा कोणाच्या कानावर येत नाही, कारण हात दुखतो म्हटले की उद्याचा रोज जातो.

म्हणून शक्य तेथे एका यंत्रामागे दोन माणसे ठेवावीत व त्यांनी आलटून पालटून यंत्र चालवावे. एक कापतो तेव्हा दुसरा गवत ओढतो. ६ आकड्याच्या ग्रास कटरवर ६ तासांचे काम एकाने केले तर ४३२ गुण होतात. तेच दोघांनी वाटून घेतले तर प्रत्येकाचे २१६ होतात. ठेका क्षेत्रावर ठरवितानाच दोन माणसांचा हिशोब धरावा. यंत्र मालकाचे असल्यास पाते व रबरे बदलण्याचा खर्च मालकाने उचलावा. 'हातास मुंग्या येतात का?' असे हंगामात एक-दोनदा आपणहून विचारावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

काम थांबविल्यानंतरही मुंग्या राहत असतील, रात्री झोपेतून जाग येत असेल, बोट पांढरे पडत असेल, वस्तू हातातून निसटत असेल किंवा पकड सैल झाली असेल तर विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे. आपण कोणते यंत्र, दिवसाला किती तास व किती वर्षे चालवितो हे आपणहून सांगावे. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावे. पुष्कळदा निदान या एका माहितीवर अवलंबून असते.

हाताच्या सर्वच मुंग्या थरथरीने येत नाहीत. मधुमेहातही मुंग्या येतात, मात्र त्या बहुधा पायांपासून सुरू होतात. मानेच्या मणक्यांचा विकार, जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता आणि थायरॉइडचा आजार यांतही अशी लक्षणे दिसतात. म्हणून रक्तातील साखर तपासून घ्यावी. गरज भासल्यास डॉक्टर मज्जातंतूंची विद्युत तपासणी सुचवितात. ती मोठ्या शासकीय रुग्णालयांतून होते. मनगटातील दबलेली नस लहान शस्त्रक्रियेने मोकळी करता येते. बोटे पांढरी पडण्याचा त्रास लवकर यंत्र सोडल्यास कमी होऊ शकतो. परंतु मज्जातंतूंची टोके एकदा निकामी झाली की गेलेली जाणीव परत आणणारे औषध नाही. मालिश, लेप, शेक यांनी तात्पुरते बरे वाटेल, पण त्या भरवशावर यंत्र चालू ठेवू नये.

शेवटी

दंतवैद्य आणि बागायतदार यांचे व्यवसाय वरवर पाहता अगदी वेगळे आहेत. तरीही दोघांची खरी पुंजी एकच आहे, ती म्हणजे बोटांच्या टोकांची जाणीव. कोय कलम करताना काडीचा तिरपा काप रोपाच्या कापाशी बरोबर बसला की नाही, पट्टी किती ताणावी, काजूच्या मृदुकाष्ठ कलमात खाच किती खोल गेली, हे डोळ्यांपेक्षा बोटांनाच आधी कळते. हापूस तयार झाला की नाही हे हाताळून पाहणाऱ्याचे हातही तेच. ही जाणीव यंत्र देत नाही आणि बाजारात विकतही मिळत नाही.

ग्रास कटर आणि पॉवर टिलर यांनी शेतकऱ्याचे कष्ट वाचविले आहेत, हे खरे आहे. ती वापरू नयेत असे कोणी म्हणणार नाही. पण यंत्रास आपण तेल-पाणी देतो, त्याचे फिल्टर साफ करतो, हंगाम संपल्यावर झाकून ठेवतो. ते चालविणाऱ्या हाताचीही तेवढीच निगा राखावी. येत्या हंगामात यंत्र बाहेर काढाल तेव्हा चालू करण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. रबरे दाबून पाहावीत, पाते सपाट फरशीवर ठेवून वाकले आहे का ते तपासावे आणि पुस्तिकेतील थरथरीचा आकडा शोधून इंधनाच्या टाकीवर रंगाने लिहून ठेवावा. त्या आकड्याच्या शेजारी दिवसाला किती तास चालवावयाचे तेही लिहावे, म्हणजे यंत्र कोणाच्याही हाती गेले तरी त्याला मर्यादा समजेल.